दोलिनाच्या व्हॉल्व्हवरचं कुलूप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मायरन हावरेल्याक, व्यासपीठावर बसलेले फादर इहोर, सत्कारमूर्ती ओरिसियाबाई पावलिशिन, दोलिना गॅस सहकारी संस्थेचे आजी-माजी सभासद, आणि स्वयंपाकघरातल्या बटाटा भरलेल्या पिरोहींकडे एक डोळा ठेवून माझ्याकडे बघणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. गॅसवाहिन्यांचा सरकारी तपासनीस म्हणून मी एकतीस वर्षं काढली. पाच मिनिटांत मी कधी दाराची कडीसुद्धा तपासलेली नाही. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

ओरिसियाबाई पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहेत. त्यांच्याबद्दल मी काय सांगावं? इथे बसलेल्या प्रत्येकाच्या तळघरात त्या येऊन गेल्या आहेत. उणे चाळीसच्या थंडीत फोन केला, तर पलीकडून कधी 'सकाळी बघू' ऐकू आलं आहे का? "निघाले. चहा ठेवू नका, काही पेटवू नका, दार सताड उघडा आणि बाहेर उभे राहा." बाहेर उभं राहून नाक गोठल्याची तक्रार करणारे पुष्कळ भेटले. त्यातले सगळे आज जिवंत आहेत, हे जरा लक्षात घ्या.

आणि त्यांचे वडील! वासिल पावलिशिन, सगळ्या पंचक्रोशीचे वुइको, म्हणजे काका. १९७४ साली हा माणूस जुन्या ट्रकमधून शेत न् शेत फिरला. मोठी गॅसवाहिनी आपल्या गव्हाखालून शहराकडे जात होती आणि वर आपण कोळसा फोडत होतो. वुइको दारात उभे राहून विचारायचे, "गॅस तुझ्या पायाखालून जातो आणि तुझी बायको राख उपसते. लाज नाही वाटत?" या एका प्रश्नावर त्यांनी चारशे सभासद केले. फक्त त्यांचं स्वतःचं गाव, दोलिना, राहून गेलं. फार लांब, घरं अडतीस, खर्च परवडेना. वुइको वीस वर्षं थांबले.

आता मी ज्यासाठी इथे उभा राहिलो आहे, ते सांगतो. दुसऱ्या टेबलावर माझी पत्नी मार्जरी बसली आहे. गाडीतून उतरताना ती म्हणाली, "रॉस, आज तू नाही बोललास तर मी उठून बोलेन." पन्नास वर्षांच्या संसारात तिने दिलेली धमकी पोकळ निघाल्याचं मला आठवत नाही.

गॅसला मुळात वास नसतो. सडक्या कोबीसारखा जो वास येतो, तो आपण त्यात घालतो, गळती कळावी म्हणून. पण पोलादी वाहिनी नवी असली की ती सुरुवातीला हा वास स्वतःच पिऊन टाकते. कोबी आंबवायचं नवं लाकडी पिंप पहिल्या वर्षी कोबीचं निम्मं पाणी पितं, तसंच. म्हणून नवी वाहिनी सुरू करण्याआधी तपासनीसाने गॅस हवेत मिसळून स्वतः हुंगायचा आणि सही करायची. नियमात शब्द होते, 'सर्वसाधारण घ्राणशक्ती असलेल्या व्यक्तीने'.

१९९४च्या फेब्रुवारीत बर्फावर दगड सरकवत कर्लिंग खेळताना मी पडलो आणि डोकं आपटलं. आठवड्याभरात लक्षात आलं की मला कसलाच वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. मी वाट बघितली. मार्जरीने एकदा आंबून गेलेलं सूप चुकून वाढलं, तर मी ते मिटक्या मारत प्यालो आणि आणखी मागितलं. ती आधी हसली आणि मग तिने माझ्यापुढचा वाडगा काढून घेतला. पण खात्याला मी कळवलं नाही. नाक गेलेला तपासनीस म्हणजे टेबलामागे बसून अर्जांवर शिक्के मारणार. मला रस्त्यावरचं काम हवं होतं. खरं सांगायचं तर मला मान हवा होता.

त्या ऑक्टोबरात दोलिनाची मुख्य वाहिनी पुरी झाली. गुरुवारी मी चाचणी घेतली, म्हणजे नळी नाकाला लावली, शहाण्यासारखी मान डोलवली आणि सही केली. शनिवारी मंत्री येणार होते. याच सभागृहात पहिली ज्योत पेटणार होती. वुइकोंनी लग्नातला कोट बाहेर काढला होता.

ओरिसियाबाई तेव्हा पस्तिशीच्या, संस्थेच्या पहिल्याच महिला तंत्रज्ञ. त्या शनिवारी सकाळपासून घरोघरी शेगड्या जोडत होत्या. तिसऱ्या घरातून त्या सरळ गॅस सोडायच्या केंद्राच्या फाटकाशी माझ्याकडे आल्या. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"रॉस, गॅस येतोय, पण वास नाही."

"थंडीने नाक चोंदलं असेल तुझं."

"चोंदलेलं नाही. हान्याकाकूंच्या ओव्हनमधला केक मला त्यांच्या अंगणाबाहेरून कळला. तुम्ही या आणि हुंगा."

"मी गुरुवारी हुंगलंय. सही आहे माझी."

"सही आहे हो. वास नाहीये."

"ओरिसिया, मंत्री वाटेत आहेत. वडिलांचा तरी विचार कर."

"त्यांचाच करतेय. त्यांनी एकेकाच्या दारात जाऊन शब्द दिलाय. उद्या कुणाच्या तळघरात गॅस साठला आणि कुणाला कळलंच नाही, तर तो शब्द कुठे जाईल?"

आणि त्यांनी गावाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घातलं. मंत्री आले, पिरोही खाऊन गेले. वुइको कोट घालून कोपऱ्यात बसून राहिले.

माझं नाक सोडलं तर इथवरची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुढची माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. दहा दिवसांनी एडमंटनहून प्रयोगशाळेची माणसं आली, त्यांनी तपासलं आणि वास भरपूर निघाला. ओरिसियाबाई खोट्या ठरल्या. त्यांच्या नोंदीत शेरा पडला, 'अकारण विलंब. निर्णयशक्ती अपुरी.' काम बंद पडलं होतं आणि तोवर थंडीने जमीन गोठली होती. उरलेल्या बावीस घरांपर्यंतच्या नळ्यांचं खोदकाम मे महिन्यापर्यंत लांबलं. सगळा हिवाळा या गावात एकच वाक्य होतं, "पावलिशिनच्या पोरीच्या नाकापायी आम्ही कोळसा फोडतोय." कर्लिंगच्या संघात त्यांना कुणी घेईना. दोन वर्षांनी व्यवस्थापकाची जागा निघाली, ती बाहेरच्या माणसाला गेली.

आता न माहीत असलेलं ऐका. त्याच शनिवारी, मंत्री गेल्यावर, मी मार्जरीला गाडीतून केंद्रावर नेलं आणि नळी तिच्या नाकाला लावली. "कसला वास येतोय?" ती म्हणाली, "कसलाच नाही रे. यायला हवा का?"

रविवारी सकाळी, सगळे चर्चमध्ये असताना, मी स्वतः केंद्रावर, कुलपाच्या अलीकडे, वासाच्या द्रव्याची मात्रा चौपट केली आणि हे कुठेही लिहिलं नाही. दहा दिवसांत वाहिनीचं पोट भरलं. प्रयोगशाळेला वास मिळाला तो मी घातलेला. गाव सुरक्षित झालं, हे खरं. पण ते सुरक्षित करणारी बाई खोटी पडली, आणि तिला खोटं पाडणारा मी होतो.

पुढे मी खात्याला सुचवलं की चाचणीवर दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्यातली एक संस्थेच्या तंत्रज्ञाची असावी. तो नियम आज सगळ्या प्रांतात लागू आहे. त्याला लोक माझ्या नावाने ओळखतात, त्यासाठी माझा सत्कारही झाला, आणि मी शाल पांघरल्यासारखा तो मान अंगावर घेऊन घरी आलो. तो नियम ओरिसियाबाईंचा आहे. त्यांनी तो त्या सकाळी फाटकाशी उभ्या राहून मला सांगितला होता.

अध्यक्षमहाराज, मी सांगेपर्यंत उघडू नका असं म्हणून मी तुम्हाला एक पाकीट दिलं होतं. आता उघडा. खात्याला सोमवारी पाठवलेल्या पत्राची ती प्रत आहे. आत्ता सांगितलं ते सगळं त्यात तारखांसह आहे. तो शेरा पुसला जाईल. नियमावरचं माझं नावही काढावं, अशी विनंती केली आहे. खातं माझं काय करायचं ते करो. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचं ते फार काही करू शकत नाही; या वयापर्यंत थांबणं हीसुद्धा एक लबाडीच आहे, मला कळतं.

पण पत्राने भरून येत नाही असं एक आहे, आणि तीस वर्षं मला तेच सलतं आहे. वुइकोंचा शेवटचा हिवाळा होता. कर्लिंगच्या बाकावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ खेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रॉस, तू यातला जाणकार. माझी पोर घरात त्या दिवसाबद्दल बोलत नाही आणि मीही विचारत नाही. तू खरं सांग. तिचं चुकलं होतं का रे?"

फक्त ते आणि मी. दुसरं कुणी ऐकत नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "जाऊ द्या वुइको. तरुण होती. होतं असं."

त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि ते उठले. एप्रिलमध्ये आपण त्यांना या सभागृहामागच्या दफनभूमीत पोचवलं. खांदा देणाऱ्यांत मी होतो.

ओरिसिया, तू मान खाली घालून बसली आहेस. मी तुझ्याकडे क्षमा मागायला आलेलो नाही. ती द्यायचं आणखी एक काम तुझ्या गळ्यात कशाला घालू?

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि जेवण खोळंबून बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, लांबलं असेल, तर तेवढं पदरात घ्या. माझा एकाच माणसाला जबाब द्यायचा राहिला आहे, आणि तो माणूस इथे नाही, म्हणून जबाब तुमच्यासमोर देतो.

नाही, वुइको. तिचं चुकलं नव्हतं.