हरणीच्या कातडीपायी

आमच्या घराण्यात मेंढरं किती पिढ्यांपास्नं हायत ते मला ठावं न्हाई, आन् ठावं आसल्याचं सोंग म्या करणार न्हाई. कवठे महांकाळच्या उगवतीला आमचं गाव, सगळा माळ, दगड आन् कुसळं. दिवाळी झाली की माझा बा मेंढरं घेऊन पलूसकडं उतरायचा, बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडी त्यांच्या उसाला आन् दाणं आमाला. म्या दुसरीतनं शाळा सोडली. सही येती, आकडं वाचता येत्यात, बारीक अक्षर वाचता येत न्हाई. पर मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवला की तिला काय झालंय ते म्या डोळं झाकून सांगतो. वही घिऊन आलाय तुमी, तर ह्ये लिवून घ्या आधी, मागनं तुमी माझी चूक लिवणारच हाय.

आता हरणीचं, आमच्या कुत्रीचं सांगतो. माझा ल्योक सदा फौजेत हाय. मागल्या सुट्टीला आला तवा शिवेपलीकडनं, कर्नाटकातनं, एक पिल्लू घेऊन आला. पश्मी जात म्हंत्यात तिला. कारवानी शिकारी कुत्र्यातलीच, तसलीच लांब पायाची आन् पोट आत गेलेली, पर कानाला, शेपटीला आन् मांड्यांच्या मागं रेशमागत लांब केस. आमची कुत्री म्हंजी लांडग्याच्या नरड्याला जाणारी. ही बघितली आन् म्या म्हनलं, सदा, ही काय मेंढरं राखणार रं, हिलाच राखाय एक माणूस लागंल. सदा म्हनला, आप्पा, आई गेल्यापास्नं तुमी एकटं बसताय, तुमच्या सोबतीला आणलीय. आन् एक सांगतो, हिची कातडी लय नाजूक आसती, जपा. म्या म्हनलं, फौजेत जाऊन मला कातडी शिकवाय लागलास व्हय रं गड्या?

पिल्लाची कुत्री झाली, माझ्याच घोंगडीवर झोपाय लागली. सदा दर रविवारी फोन करायचा, तोंड दिसतं त्यो फोन. आमची सून सुमन फोन धरायची, आन् सदा बायकोला इचारायच्या आधी इचारायचा, हरणी कुठाय? सुमन म्हणायची, आवं, आमी बी हाय की हितं.

होळी झाली आन् हरणी खाजवाय लागली. आधी कानाची कड, मग कोपरं, मग पोट. कानाचं रेशीम गळालं, कोपरावर खपल्या धरल्या. बसली की खाजवायची, उठली की भिंतीला आंग घासायची. सुमन म्हनली, आप्पा, दवाखान्यात नेऊ या. म्या म्हनलं, कुसळ लागलं आसंल. चार दिसांनी परत म्हनली. म्या म्हनलं, सुमन, ह्या घरात जनावराचं मला कळतं का तुला? ती चुलीकडं गेली. पर मनात माझ्या किडा शिरला व्हता. सकाळी उठलो की आधी तिच्या आंगाकडं बघायचो, आन् रोज केस थोडं कमी दिसायचं. काय सांगू तुमाला, तीनशे मेंढरं सांभाळली पर आसा घोर कवा लागला न्हवता, कारण तीनशातलं एक गेलं तर दोनशे नव्व्याण्णव ऱ्हात्यात, आन् ही एकच.

मग म्या मेंढराचं केलं. मेंढराला खाज सुटली की आमच्यात दोनच कामं आसत्यात, कातरायचं आन् धुवायचं. खुंटीवरची कातर काढली, चार पाय बांधले आन् कातरली तिला. आवं, चावली न्हाई, गुरगुरली न्हाई, नुसती माझ्याकडं बघत ऱ्हायली. खाली रेशमाचा ढीग पडला आन् आतनं कातडी निघाली, गुलाबी, तान्ह्या लेकरागत. म्या म्हनलं, आता वारं लागंल, बरं वाटंल. चैताचं ऊन व्हतं. दोन दिसात पाठ भाजल्यागत लाल झाली, सालपटं निघाय लागली.

रविवार आला. म्या सुमनचं जुनं पातळ हरणीच्या आंगावर टाकलं, नुसतं तोंड भायेर. सदा म्हनला, आप्पा, ह्ये काय? म्या म्हनलं, थंडी वाजती तिला. आप्पा, चैतात? म्या म्हनलं, तुमच्याकडं बरफ आसंल, आमच्याकडं बी वारं सुटलंय. आन् फोन पालथा घातला, म्हनलं रेंज गेली. सुमन माझ्याकडं बघत व्हती. तिनं पातळ काढून घेतलं आन् घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवलं.

दुसऱ्या दिशी सुमन भाकऱ्या थापत व्हती तवा म्या मागल्या दारी बादली घेतली. मेंढरांच्या गोचिडाचं औषध घरात आसतंच, माप मला तोंडपाठ, बापानं शिकवलेलं. तेवढंच घातलं, जरा बी जास्त न्हाई, ह्ये म्या बिरोबाच्या पायावर हात ठेवून सांगतो. भिजवली तिला नखशिखांत. दोन भाकऱ्या व्हत्याल तेवढ्या वेळात हरणीच्या तोंडातनं लाळ गळाय लागली. मग थरथर. मग मागलं पाय दुमडलं आन् बसली खाली, उठता येईना. म्या हाका मारल्या, हरणे, हरणे. तिनं कान बी हलवला न्हाई. मला वाटलं गेली. सदाला काय सांगू, एवढंच डोक्यात.

सुमन पिठाच्या हातानं पळत आली, आधी हंडाभर पाणी वतलं तिच्यावर, औषधाची बाटली पिशवीत घातली आन् म्हनली, आप्पा, बसा मागं. ती गाडी चालवतीया, म्या मागं, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेली हरणी. सुनेच्या गाडीवर म्या कवा बसलो न्हवतो, मला पटत न्हवतं त्ये. त्या दिशी म्हनलं, सुमन, जोरात घे.

तालुक्याला जनावरांची डॉक्टरीण हाय, वयानं सुमनएवढीच. तिनं इचारलं, आंगाला काय लावलं? सुमननं बाटली पुढं केली. बाईनं बारीक अक्षर वाचलं आन् हात भराभर चालवलं, सुई टोचली, सलाईन लावलं, साबणानं परत धुवून काढलं. म्या कोपऱ्यात हुबा. काम झाल्यावर माझा हात धरला आन् हरणीच्या बरगडीवर ठेवला. म्हनली, आजोबा, मेंढीला लोकर आसती, लोकरीत तेल आसतं, कातडीखाली चरबी आसती. हिच्या कातडीखाली काय लागतंय सांगा. म्या हात फिरवला. डोळं आपोआप झाकलं. कातडी, आन् लगेच हाड. मधी काय न्हाई. इतकं दिस रोज हात फिरवत व्हतो की, पर मेंढीचाच हात फिरवत व्हतो.

संध्याकाळपातूर बसलो. हरणीनं मान उचलली तवा सुमन रडली, म्या पाणी प्यायला भायेर गेलो. मग बाईनं पात्यानं कानाची कड जरा खरवडली, काचंवर घेतली आन् बारीक जीव दिसत्यात त्या दुर्बिणीत बघा म्हनली. म्या डोळा लावला. एक गोल जीव, आखूड पायाचा, वळवळत व्हता. खरजंचा किडा हाय त्यो, कातडीत बीळ करतो, बाई म्हनली. म्हंजी कातरून बी जाणार न्हवता.

आन् मग ती म्हनली, आजोबा, बाह्या वर करा. म्या म्हनलं, कशाला, मला काय न्हाई. तुमी आल्यापास्नं खाजवताय. म्हनलं घाम हाय. तवा सुमन म्हनली, आप्पा, वर करा बाह्या. माझ्याशी आशा आवाजात ती आजपातूर बोलली न्हवती. केल्या. कोपरापास्नं मनगटापातूर पुरळ. महिनाभर झाकलेलं. बाई म्हनली, तुमच्याच आंथरुणात झोपती ना? तुमी बी माणसांच्या डॉक्टरकडं जावा, आन् आंथरूण उकळत्या पाण्यातनं काढा.

आंथरूण म्हंजी माझ्या बापाची घोंगडी. लोकरीची घोंगडी उकळली की आटती, ह्ये आमच्यातलं शेंबडं पोर बी सांगंल. म्या दोन दिस ती घेऊन बसलो. मग चूल पेटवली आन् घातली हंड्यात. निघाली ती निम्मी बी न्हाई, जाड, फळकुटागत.

रविवारी फोन म्या धरला. पातळ न्हाई, काय न्हाई, तशीच दाखवली. म्हनलं, सदा, कातरली ती म्या, भिजवली ती म्या, सुमनचा काय दोष न्हाई. सदानं तोंड फोनाजवळ आणून तिची पाठ बघितली. मग म्हनला, कातर कुठं हाय? म्हनलं, हाय की खुंटीला. माझी सुट्टी येस्तवर खाली काढू नका. म्या म्हनलं, बरं सायेब. सुमन तोंडाला पदर लावून हासाय लागली. हरणीनं आवाज वळखला आन् फोन चाटला.

आता दोन महिनं झालं. म्या बी माणसांच्या डॉक्टरचं मलम लावलं. गोळ्या बाई तिच्या वजनावर देती, माझ्या अंदाजावर न्हाई. आठवड्याला औषधी साबण, लावून धा मिंटं ठेवायचा, म्या घड्याळ पुढ्यात घिऊन बसतो. शेजारचं एक म्हनलं गाडीचं जळकं ऑइल लाव, एकानं कडुलिंबाचा रस सांगितला, दोघांना बी वाटंला लावलं. उन्हात जाताना सदाचा जुना बनेल घालतो तिला. दोनदा खरवडून बघितलं, पयल्यांदा एक किडा सापडला, दुसऱ्यांदा काय न्हाई. तिसऱ्यांदा येत्या सोमवारी. त्ये साफ निघालं तर गोळ्या बंद. पाठीवर केस फुटल्यात, बाजरी उगवल्यागत. कानाला अजून न्हाईत. बाई म्हंती येतील, पर भाजलेल्या जागंचं नक्की सांगता येत न्हाई. सकाळी उलटा हात फिरवून बघतो, काल व्हतं तेवढंच लागलं की दिवसभर गोड लागत न्हाई.

तुमी जाताना हात धुवून जावा, साबण तितं दगडावर हाय. तुमच्या घरची माणसं, जनावरं सुखी ऱ्हावूत.

ती घोंगडी? ही काय, हिच्याखाली. आटून बरुबर हरणीच्या मापाची झाली, जशी बापानं तिच्यासाठीच इणली व्हती. म्या शेजारी वाकळंवर पडतो. दुपारी तिचं नाक माझ्या तळहातात आसतं, डोळा लागलेला आसतो तिचा. मनगटाला अजून कवातरी खाज सुटती, पर त्यो हात म्या हालवत न्हाई.