काचेवरची कोंबडी

दिनांक १२ ऑक्टोबर, वार शनिवार, दुपारी सव्वातीन वाजता.

मी, डिओलिंडा फुर्तादो, वय ५४ वर्षे, धंदा बेकरी, राहणार फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स, बेकरीच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी माझे पती जेरेमियस यांच्यासह गेली सव्वीस वर्षे बेकरी चालवते. आमचा गोड पाव आणि मालासादा नावाच्या तळलेल्या गोड पुऱ्या घ्यायला लोक प्रॉव्हिडन्सहून येतात. हे लिहायची गरज नाही असे सार्जंट पेल्टिए म्हणाले, पण मी सांगितले आहे तेव्हा लिहावे. सावकाश बोला असेही ते दोनदा म्हणाले आहेत. मी प्रयत्न करते, पण आजचा दिवस सावकाश बोलण्याचा नाही.

पूर्वी आमचा धंदा रोखीचा होता. आता दोन डॉलरच्या पावालाही लोक कार्ड टेकवतात. दर वेळी कार्डवाले शेकड्यावर आपला हिस्सा कापतात आणि वर ठरलेले काही सेंट घेतात, मग पाव एक असो की वीस. ज्या कार्डावर गिऱ्हाइकाला विमानाचे तिकीट फुकट मिळते, त्याचा आकार आम्हाला जास्त पडतो. म्हणजे कोपऱ्यावरचे दंतवैद्य दर हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात ते माझ्या पिठातून. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. तेव्हापासून ते रोख देतात.

एप्रिल महिन्यात दुपारच्या गर्दीत एक इसम दुकानात आला. उंच, गोरा, बुटांना पॉलिश. नाव ब्रेंट सांगितले. कार्डाची मशीन बसवून देण्याचे काम करतो म्हणाला.

"मॅडम, तुम्हाला लुटतायत हो. तुमचं बिल मला दाखवा, निम्म्यावर आणून देतो."

मी विचारले, "आणि मशीनचे किती?"

"मशीनचे कसले पैसे? मशीन फुकट. नाही पटलं तर एक फोन करा, येऊन घेऊन जातो."

मग त्याने काचेची पाटी काढली, हल्ली सगळ्यांकडे असते ती, टॅब्लेट. म्हणाला, "ही काच आज जरा रुसलीय. चालते का बघू. बोटानं तुमचं नाव लिहा बरं." माझ्या हाताला पीठ होते. त्याने स्वतःच्या रुमालाने माझे बोट पुसले. मला वाटले, किती सभ्य माणूस आहे. तो रुमाल निळा होता.

मशीन बसली, आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या बँकेच्या खात्यातून मशीनचे भाडे म्हणून एकशे एकोणचाळीस डॉलर परस्पर जाऊ लागले. हीच मशीन दुकानात तीनशेच्या आत विकत मिळते. शिवाय कार्डाचा आकार निम्मा होण्याऐवजी वाढला, कारण कमी दर फक्त पहिल्या महिन्यापुरता होता. वर एक दंड होता, तो एक फॉर्म भरला नाही म्हणून, आणि तो फॉर्म मला कोणी दिलाच नव्हता. ब्रेंटचा फोन बंद. भाड्याने मशीन देणाऱ्या कंपनीला फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी विचारले, "सही तुमचीच आहे ना?"

"सही माझीच आहे, पण ती काच चालते का बघायला केली होती."

"बाई, असं सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या. करार चार वर्षांचा, मध्ये मोडता येत नाही, आणि पैसे थांबवले तर माझ्यावर दावा होईल. ब्रेंट त्यांचा नोकर नाही, बाहेरचा दलाल आहे. "तो असं बोलला असेल तर त्याला आणून उभा करा, मग बघू."

हे त्या सहज बोलल्या. मी मात्र ते मनात धरून ठेवले.

आमचा धंदा आधीच काठावर चालला होता, त्यात सप्टेंबरमध्ये पिठाचा चेक परत आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. जागेच्या मालकांना आम्ही कळवले की या महिनाअखेरीस जागा सोडतो. भट्टी विकायला काढली. जेरेमियस मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले असते आणि दोघांनाही बरे वाटले असते. तो नुसता भट्टीची दारे पुसत बसायचा. माझ्या एका बोटाने हे सगळे झाले म्हणून मला फार लाज वाटत होती.

आमच्या समोर ओरासियू मेदेरोस यांचे केशकर्तनालय आहे. त्यांनाही, आणि रस्त्यावरच्या आणखी पाच दुकानदारांना ब्रेंटने अशाच मशीन दिल्या होत्या. प्रत्येक जण आपणच मूर्ख म्हणून गप्प बसला होता. गेल्या सोमवारी ओरासियू पाव घ्यायला आले आणि मला रडताना पाहून सगळे बोलून गेले. मग म्हणाले, "रडतेस काय? त्याला शोधायचं कशाला? तो आपणहून येईल. हे लोक काय हुंगत फिरतात, सांग बघू?"

"काय?"

"नवं दुकान. उद्घाटनाची पाटी लागली की गुळाला मुंगळे लागतात तसे येतात. माझ्या मेहुण्याने त्याला दक्षिणेकडच्या वस्तीत फिरताना पाहिलंय. तिथे माझ्या बहिणीचा गाळा रिकामा पडलाय. आपण दुकान उघडू."

"कसलं दुकान?"

"कसलंही. आपल्याला विकायचंय कुठे?"

असा बेत ठरला. बेत ओरासियूंचा, पण मालकीण कोण व्हायची हे मी ठरवले. माझ्या सासऱ्यांची बहीण युलालिया आत्या, वय ७७, कापडाच्या गिरणीत जन्म गेला. बोलायला फटकळ, आणि दिसायला अशी गरीब की बसमध्ये लोक उठून जागा देतात. ब्रेंटने तिला कधी पाहिलेले नव्हते. आत्याला विचारले तर ती म्हणाली, "मला काय करायचं? भोळं दिसायचं? ते तर मी लग्नात केलं होतं."

आज सकाळी आठ वाजता आम्ही गाळ्यावर 'आज उद्घाटन' अशी कापडी पाटी लावली आणि फुगे बांधले. काचेत काहीतरी दिसावे म्हणून आत्याने तिच्या घरून केल नावाची पालेभाजी आणि बटाटा घातलेल्या सूपचा मोठा हंडा आणला. मागच्या खोलीला पडदा होता. पडद्यामागे मी, ओरासियू आणि ते पाच दुकानदार असे सात जण पावाच्या क्रेटवर बसलो. फोनवर चोरून आवाज टिपणे या राज्यात गुन्हा आहे हे मला माहीत आहे. आम्ही काहीही टिपलेले नाही. आम्ही फक्त कान घेऊन गेलो होतो, चौदा.

नऊच्या सुमारास कार्डाच्या मशीनचा पहिला विक्रेता आला. आत्याने त्याचे ऐकून घेतले आणि सूप पाजून पाठवले. मग एक तरुण मुलगी आली. तिने सगळे दर एका कागदावर लिहून दिले आणि म्हणाली, "आजी, कुणाकडूनही मशीन भाड्याने घेऊ नका, विकत घ्या. आमच्याकडूनच घ्या असंही नाही." पडद्यामागे आम्ही एकमेकांकडे पाहिले. अशी माणसेही याच धंद्यात आहेत हे जबाबात यावे अशी माझी इच्छा आहे.

मधल्या वेळात एक अडचण झाली, ती म्हणजे खरी गिऱ्हाइके येऊ लागली. सूप विकले का, असे सार्जंटसाहेबांनी विचारले. विकले नाही, कारण परवाना नाही. लोकांनी आपण होऊन डब्यात पैसे टाकले आणि तो डबा आम्ही तसाच चर्चच्या सणाला देणार आहोत. अकराच्या आत हंडा निम्मा झाला. सार्जंटसाहेब नंतर तिथे आले तेव्हा त्यांनी काय केले ते लिहू नका असे ते म्हणतात, म्हणून सांगत नाही.

अकरा वाजून गेल्यावर ओरासियूंनी माझा दंड दाबला. पडद्याच्या फटीतून मला आधी पॉलिश केलेले बूट दिसले. मला एकाच वेळी हसू येत होते आणि ओरडावेसे वाटत होते. मी स्कार्फचे टोक तोंडात धरले.

ब्रेंट म्हणाला, "आजी, अभिनंदन. पण सांगून ठेवतो, कार्डवाले तुम्हाला लुटणार."

"अरे देवा, मग मी काय करू रे बाळा?"

"काळजी नको. आमची मशीन फुकट."

"फुकट म्हणजे अगदी फुकट? मी कानानं जरा कमी आहे. मोठ्यानं सांग."

त्याने मोठ्याने सांगितले. सात जणांनी ऐकले.

"आणि मला नको झाली तर?"

"एक फोन करा, घेऊन जातो."

"हेही मोठ्यानं सांग, बाळा."

तेही त्याने सांगितले. मग त्याने आत्याचा फोन नंबर विचारून घेतला आणि काचेची पाटी निघाली. शब्द तेच: "ही काच आज जरा रुसलीय. चालते का बघू. बोटानं नाव लिहा बरं." आणि खिशातून निळा रुमाल.

आता इथपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे होते. आत्याने फक्त "नाव कशाला?" असे विचारायचे होते आणि आम्ही बाहेर यायचे होते. पण आत्याने बोट पुढे केले. ती चांगले मिनिटभर काचेवर बोट फिरवत होती. ब्रेंट खाली वाकून आपल्या बॅगेची चेन लावत होता, त्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही.

"चालते की रे काच," आत्या म्हणाली.

त्याने पाटी घेऊन एक बटण दाबले. थोड्याच वेळात आत्याचा फोन वाजला. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचले, "अभिनंदन. आपला अठ्ठेचाळीस महिन्यांचा करार मंजूर झाला आहे." मग त्याच्याकडे पाहून म्हणाली, "बाळा, मी तर कोंबडी काढली होती."

खरोखर कोंबडी होती. तुरा, शेपटी, खाली दोन अंडी. नसलेल्या दुकानाचा चार वर्षांचा करार कोंबडीच्या सहीवर मंजूर झाला होता.

पडदा मी बाजूला केला. आम्ही सात जण बाहेर आलो. कोणीही त्याला हात लावला नाही. मी फक्त एवढेच म्हणाले, "ओळखलंस? माझं बोट पुसलं होतंस तू." त्याचा चेहरा पडला आणि तो दाराकडे धावला. दार आम्ही लावून घेतले असा त्याचा आरोप आहे, तो खोटा आहे. ओरासियूंच्या बहिणीचे ते दार पावसाळी हवेत फुगते, उघडताना थोडे वर उचलावे लागते. हे त्याने विचारले असते तर आम्ही सांगितले असते. त्याने विचारले नाही, पोलिसांना फोन केला. म्हणजे पोलिसांना त्यानेच बोलावले, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. तुम्ही येईपर्यंत आत्याने त्याला सूप दिले. त्याने ते प्यायले.

इथे ठाण्यात आल्यावर सार्जंटसाहेबांनी माझ्यासमोर त्या कंपनीला फोन लावला. बाई त्याच होत्या, आवाज मी ओळखला. सार्जंटसाहेबांनी विचारले, "आज सकाळी मंजूर केलेल्या कराराखालची सही उघडून बघता का?" पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "साहेब, मी वरच्यांशी बोलते." मी फोनपाशी तोंड नेऊन म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, आणून उभा करा. केलाय." पाऊण तासाने त्यांचे लेखी उत्तर आले. माझा करार आजपासून रद्द, बँकेतून यापुढे पैसे कापले जाणार नाहीत, गेलेल्या पैशांचा आणि बाकी सहा दुकानदारांचा विचार चालू आहे. विचार कसा चालतो तेही आम्ही बघू. माझी ब्रेंटविरुद्ध रीतसर तक्रार आहे.

जेरेमियसला फोन केला. तो म्हणाला, "मग भट्टी पुसून ठेवली ते बरंच झालं." त्यानंतर तो रडला, आणि मीही. सोमवारी मी मालकांना जागा सोडत नाही असे सांगणार आहे. आत्या ओरासियूंच्या बहिणीला त्या गाळ्याचे भाडे विचारते आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सहीसाठी सार्जंटसाहेबांनी माझ्यापुढे काचेची पाटी सरकवली आणि इथे बोटाने करा म्हणाले. मी नकार दिला. त्यावरून जबाब कागदावर छापून आणला. तो मी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी आहे याची खात्री केली, आणि मगच शाईच्या पेनने सही केली.

सही: डिओलिंडा फुर्तादो
समक्ष: सार्जंट पेल्टिए