मावशीने कापलेला पेपर

अगं, माझा पेपर वर्सोव्याच्या मासेवाल्या मावशीने कापलाय, माहितीये? विषय तिच्याच सुक्या मासळीचा. कॉन्फरन्सला सहाच पानं चालणार होती, माझी झाली आठ. अक्षरं बारीक केली, समास चेपले, तरी वेबसाइट घेईना, आणि संध्याकाळी मुदत संपणार! रडकुंडीला येऊन मावशीसमोर बसले.

सुरमई कापता कापता तिने विचारलं, "सुरुवातीला काय लिवलंस?"

"प्रस्तावना."

"आणि शेवटाला?"

"तेच परत, निष्कर्ष म्हणून."

"मग डोकं-शेपटी उडव ना! तुकड्या ठेव."

उडवली. पेपर घेतला की त्यांनी! फक्त परीक्षकाने लिहिलं, 'प्रस्तावना जोडा, एक पान जास्त चालेल.'

मावशीला सांगितलं तर म्हणाली, "डोकं मागतोय? दे त्याला. खाणारा जाणकार दिसतोय!"