लाल पिल्लांची बादली

—अहो बाई, लांबून काय कळणार? धरा की. दोन्ही पाय एका मुठीत, डोकं काखेत — हां. आता पंख उलगडा. पांढरे पट्टे दिसतायत? शेपटीची कडाही पांढरी. तांब्याची झाक शोधून सापडायची नाही. अस्सल नॅरागॅन्सेट टर्की! माझा आजा, एझरा टेफ्ट, बेचाळीस वर्षं ह्याच दगडी कुंपणात ही जात राखून होता. तुम्ही कागदावर तेवढं लिहा, म्हणजे जुन्या जाती जपणारी तुमची संस्था हे अकराही पक्षी घेईल. नाही लिहिलंत तर लोर्ना आत्या थँक्सगिव्हिंगच्या आधी सगळे खाटकाकडे धाडणार — गाडी सांगून ठेवलीय तिनं. तिचा बाप, म्हणजे माझा आजा, जाऊन सहा महिने नाही झाले आणि बया प्लॉट पाडायला निघालीय.

दचकलात? नर असेच ओरडतात. दार आपटलं, कावळा ओरडला, की सगळे एकदम. म्हातारा खोकला की तर हमखास. तो खोकायचा, हे उत्तर द्यायचे, आणि तो खूश — माणसानं उलट उत्तर दिलेलं त्याला खपायचं नाही, पक्ष्यांनी दिलेलं चालायचं. मी शाळा सोडली तेव्हा म्हणाला, "रुथी, तूही लालच निघालीस."

लाल म्हणजे? काही नाही, बोलायची पद्धत त्याची.

काय? वेगळ्या रंगाची पिल्लं? नाही. कधीच नाही. लिहा — नाही.

...अशा बघू नका हो. निघायची. दर वसंतात दोन-तीन, लालसर. म्हातारा बादलीत बुडवायचा. बादली मी धरायची, सात वर्षांची होते तेव्हापासून. पिल्लू मेलं की जात शुद्ध, हे त्याचं शहाणपण! अहो, लाल रंग आई-बापांच्या रक्तातच दडलेला; ज्यांच्या पोटी लाल निघतं ती रुपेरी जोडी पुढच्या साली पुन्हा तशीच एकत्र. बेचाळीस वर्षांत एवढं कळलं नाही — आणि बिनडोक कोण, तर मी.

ह्या वसंतात मी बादली लाथाडली. एक पिल्लू धान्याच्या खोलीत लपवलं. म्हाताऱ्यानं थोबाडीत दिली, मी म्हटलं, मर एकदाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मक्याच्या पोळ्या भाजत होते, तर खुराड्याकडून नर ओरडायला लागले. कळलं मला — खोकतोय. खोकू दे. थांबेचनात, बाई. वीस मिनिटं, पंचवीस — मी पोळी उलटली. मग एकदम गप्प झाले. आणि मी... मी आधी पोळी खाल्ली. मग गेले, तर म्हातारा खुराड्यापाशी पडलेला, संपलेला. आत्याला सांगितलं, मला काही ऐकूच आलं नाही.

रडत नाहीये. ते 'नाही' खोडा. खोडा म्हणते ना! एक खोटं पुरे झालं, ते रोज दुपारी ओरडतंय. 'लाल निघतात' असं लिहा. आणि हेही लिहा, की कुठल्या जोड्यांना निघतात ते रुथी टेफ्टला माहीत आहे. बादली धरून पाठ झालंय. त्या जोड्या मोडल्या तर लाल निघणं थांबेल. तेवढ्यावर घेते का संस्था, विचारा. ते लपवलेलं पिल्लू, आता मोठी झालेली लाल मादी, मात्र माझ्याकडेच राहील.

—हे काय? नर ओरडायला लागले. तुम्ही खोकलात?

मीही नाही.

वारा नाही. कावळा नाही. ऐका, थांबतच नाहीयेत...

निघा तुम्ही, बाई. फाटक लोटून घ्या. मी जाते खुराड्याकडं — ह्या वेळी आधी जाते.