दामूकाकांचं पान

सर्वपित्रीच्या सकाळी दिगंबरराव डोंबिवलीच्या एका पोळी-भाजी केंद्रासमोर रांगेत उभे होते. बायको गेल्यावर तिचं पान वाढायची ही पहिलीच वेळ. पुढे बहीण-भाऊ बोलत होते.

"ताई, नाशिकच्या गुरुजींकडे आपल्या घराण्याची वही सापडली. आपले दामूकाका गेले तेव्हा सात वर्षांचे होते."

"अरे, मग काका कसले?"

"बाबांचे काका. म्हणून सगळ्यांचेच."

"आणि आपण त्यांच्या पानावर दरवर्षी तंबाखू ठेवतोय?"

"चुनासुद्धा."

"कारलंही वाढलंय रे पोराला."

"म्हणूनच त्याच्या पानाला कावळा शिवत नाही. कठड्यावर बसून नुसता बघतो."

"वहीत अजून काय आहे?"

"त्याच्या वडिलांनी लिहिलंय, बुंदीच्या लाडवासाठी फार रडायचा."

"मग चार लाडू घे. शिवेल आज."

"आणि आणलेली तंबाखू?"

"तुझ्या भावोजींना दे. ते कावळ्याची वाट बघत नाहीत."

दोघं लाडू घेऊन बाजूला झाले. काउंटरवरच्या मुलाने दिगंबररावांना विचारलं,

"काका, तुमचं पान? खीर, वडे, कारलं, सगळं देऊ ना?"

दिगंबररावांनी नकारार्थी मान हलवली. मग ते बाजूला उभ्या असलेल्या त्या बहिणीकडे वळले.

"ताई, एवढ्या सकाळी शेवपुरी कुठे मिळेल हो?"