चुन्याचं बोट

— हळद नाही ती पानांवरची, अण्णा. किती वेळा सांगू? हळदीच्या हातांनी मी पुस्तक धरत नाही, माझ्या आईनं धरू दिलं नसतं. बसू का? बसते. आज रविवारची सुट्टी मिळाली म्हणून येता आलं, नाहीतर लढाई सुरू झाल्यापासून कारखान्यातून सुटता सुटता काळोख होतो, आणि ब्लॅकआऊटपायी तुम्ही त्याच्या आधीच वाचनालयाला कुलूप लावता — म्हणून तर दोन्ही कार्डांवरची पुस्तकं इंदूच नेते, एक तिचं नि एक माझं. तिला काही बोलला नाहीत, मला बोलावलंत, ते बरं केलंत. पोरगी लाजाळू आहे, चार माणसांत कोणी टोकलं तर घरी येऊन जेवत नाही. अच्छा — म्हणजे कमिटीचं ठरलंच? पुढे पुस्तक द्यायचं नाही? नका देऊ. पण बाई गलथान आहे, एका हातानं फोडणी टाकते नि एका हातानं पानं उलटते, असं म्हणून नका बंद करू. तेवढं खोटं नका लिहू.

आमच्या शेडमध्ये पिवळी पूड असते. कशात भरतात ते विचारू नका, सांगायची मनाई आहे. हाताला लागते ती लागतेच — राखेनं घासा, दगडानं घासा, वरून हात स्वच्छ दिसतो आणि अर्ध्या तासात घामाबरोबर परत पिवळा. हे बघा. नखं बघा. फाटकात झडती होते, काडेपेटी काढा, केसांतले आकडे काढा, बांगड्या काढा, मंगळसूत्र काढा — ठिणगी पडली म्हणजे संपलं नं सगळं. बायका सकाळी सकाळी मंगळसूत्रं खिळ्याला टांगतात, वर पदराचा तुकडा बांधून ठेवतात ओळखू यावं म्हणून. मला वेळ लागत नाही. माझ्याकडे टांगायला काही नाही, मी सगळ्यांच्या आधी आत. — खरं वाटत नाही? द्या ती तुमची चुन्याची डबी. द्या हो, तंबाखू नाही खाणार तुमची! हळदीला चुना लागला की काय होतं? कुंकू होतं, लालभडक. हो की नाही? आता हा माझा डाग, हे माझं चुन्याचं बोट — बघा. झालं लाल? नाही झालं. कितीही वेळ बघा, पिवळं ते पिवळंच. चलो, एवढं तर सुटलं.

पण काढलीत तर काढलीत सगळी, दाखवा एकेक, बघू तरी मी काय काय वाचलं. ही — ही ती खिडकीवाली! दोनशे पानं बाई खिडकीत बसून उदास होते. सकाळी उदास, दुपारी उदास, चहा येतो, थंड होतो, परत गरम होऊन येतो. मी म्हणते, येतो कुठून चहा? भांडी कोण घासतं हिच्या घरी? लेखकाला ठाऊक नाही, बाईलाही ठाऊक नाही. तरी वाचली पुरी, का माहीत आहे? तिच्याकडे बसायला वेळ होता ते बघायला. बघा, डाग सगळे खालच्या कोपऱ्यात — मी उभ्यानं वाचते नं, बसची वाट बघत, एका हातात डबा. बसले की झोपते. — आणि ही कामगारांवरची. हिचं नाव नका काढू. भोंगा वाजतो नि सगळे कामगार गाणं म्हणत फाटकातून बाहेर पडतात! अण्णा, भोंगा वाजला की आम्ही पहिल्यांदा मोरीकडे पळतो. कोण गातं? घसा असतो का गायला? ज्यानं लिहिली तो फाटकाच्या बाहेर सायकल टेकून उभा राहिला असेल, बस, तेवढंच. ती प्रवासाची मात्र चांगली होती, बर्फाच्या डोंगरांची. गोष्ट नाही, काही नाही, माणूस नुसता चालून राहिला. आमच्या घराच्या आत्ताच्या हवेला तीच बरी. तिच्यात कोणाचं वाईट होत नाही, कारण तिच्यात कोणी नाहीच.

ही का पुढे केली? हं. हिच्यात डाग जास्त, मला माहीत आहे. एकशे कितव्या पानावर ती सून खोकून मरते — तिथेच ना? तिथे पान फुगलंय, ते पाणी सांडलं. पाणीच. लोक म्हणतात काय सुंदर लिहिलंय. सुंदर! चांदणं पडलेलं असतं, ती नवऱ्याचा हात धरते, दोन वाक्यं नीट बोलते, डोळे मिटते. खोकून मरणारं माणूस दोन वाक्यं नाही बोलत, अण्णा. आमचे हे गेले तेव्हा पाणीसुद्धा मागता आलं नाही त्यांना. याच शेडमध्ये होते ते. त्यांच्याच जागेवर मला घेतलं, त्यांच्याच खिळ्यासमोर मी चपला काढते. — मग तीन वेळा का वाचलं म्हणता? बघायला, कुठे काही खरं लिहिलंय का. एक ओळ होती. सकाळी दात घासताना ती चूळ भरते नि मोरीत बघत राहते, एवढंच. ती ओळ खरी आहे. ती मलाही — नाही, म्हणजे थंडीचे दिवस आहेत, कोण नाही खोकत? तुम्हीसुद्धा आत्ताच खोकलात.

डॉक्टर काय, सांगतच असतात. म्हणे बाई, ते काम सोडा, आता सोडलं तर अजून काही उपाय होऊ शकतो. मी हसले. मी सोडलं तर ती जागा कोणाला जाते? आमच्याकडे रीतच आहे नं — बाप गेला की आई, आई घरी बसली की पोरगी. साहेब स्वतः येऊन सांगेल, घाबरू नका, तुमच्या इंदूला घेऊ. मोठे उपकार! म्हणून मी जागा सोडत नाही. धरून बसायची, इंदू मास्तरीण होईपर्यंत. त्या फाटकातून तिला आत जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच आहे माझं, बाकी देवाला मी काही मागत नाही, ग्वारीघाटावर नदीत दिवा सोडला तेव्हासुद्धा एवढंच म्हटलं. आता दुसऱ्या फाटकाकडे नवीन शेड उघडलीय, लढाईपुरत्या पोरी भरून राहिले तिथे, ढिगानं. लांबून दिसतात, डोक्याला पांढरं फडकं, सगळ्या एकसारख्या — कोण कुणाची, काही कळत नाही. परवा बघितल्या नि मनात म्हटलं, काय आया असतील एकेकीच्या! पाठवतात कशा?

डॉक्टरांकडे इंदू होती की सोबत. बाहेर बाकावर होती, पण ऐकलं असेल, कारण त्यानंतर पोरगी एकदम शहाणी झाली. शाळामास्तरणीचा क्लास लावला तिनं आपल्या आपण. महाराजपुरची तिची मैत्रीण आहे विभावरी, दोघी सोबत जातात, माझ्यानंतर निघते नि माझ्या आधी घरी. आजही गेलीय. हो, रविवारीसुद्धा असतो क्लास — लढाईपायी मास्तरणी कमी पडून राहिल्या म्हणे. घरी आली की स्वयंपाक तीच करते, मला चुलीजवळ जाऊ देत नाही. आणि नट्टापट्टा काही नाही हो, उलट होत्या त्या बांगड्याही काढून ठेवल्या. म्हटलं, लग्नाची पोरगी, मोकळे हात बरे दिसतात का? तर म्हणते, आई, आता अशीच फॅशन आहे. असेल. मला कुठे कळतं फॅशनीतलं.

ही कोणती? नाही, ही माझी नाही. ही दोन बहिणींची, मला वाचायची होती, पण इंदू म्हणाली, रद्दी आहे आई, तुझा वेळ नको घालवू, आणि परत करून टाकली. मी हात लावलेला नाही हिला. — हिच्यातही? बघू. अरे वा! सापडली तुमची चोर! ही मात्र हळद, अण्णा, ही कबूल. हात बघितलेत का तिचे? नुसते पिवळे. रोज ओरडते मी, हात घास गं, वरणात हळद घालते की वरणात हात घालते? आणि वरण बघावं तर फिकट! म्हणते, आई, हळद जात नाही गं लवकर. चुलीपाशी पुस्तक घेऊन बसत असेल, माझीच पोरगी. तिच्याकडून मी माफी मागते, पुस्तक भरून देते. आणा ती डबी इकडे, दाखवतेच तुम्हाला — हे बोट, हा डाग — आता बघा कसं कुंकू होतं.

होईल. जुना डाग आहे, वेळ लागतो.

चुना वाळला असेल तुमचा. पाणी लावा थोडं. — हं. आता.

इथे उजेड नाही, सगळीकडे काळे कागद लावून ठेवलेत, दाराशी या जरा. हे दुसरं पान. हेही पिवळंच. — हे शेवटचं. — थांबा, बोलू नका. — मी तर तिचे हात हातात घेऊन बघितलेत, अण्णा. तेल लावून दिलंय त्या हातांना. माझे आणि तिचे, शेजारी शेजारी — आणि मी हळद म्हटलं. मी.

काही नाही झालं. पाणी नको. तुम्ही म्हणत होता तेच लिहा कमिटीला. बाई गलथान आहे लिहा, स्वयंपाक करता करता वाचते लिहा, दोन्ही कार्डं ठेवून घ्या. हळद आहे. सगळ्या पुस्तकांत हळदच आहे. — डबी बंद करा.