वाडगा तोंडाला लावून

जपानी हॉटेलबाहेर, दुपारच्या स्वस्त जेवणाच्या रांगेत, माझ्या पुढे आई आणि मुलगी.

"हात थरथरतो गं माझा. अर्ध्या किमतीचं जेवण, त्यातलं अर्धं अंगावर!"

"म्हणून यापुढे बाहेर जेवायचंच नाही?"

"मागच्या वेळी लोक कसे बघत होते! त्यात इथे काड्यांनी खायचं. आगीतून फुफाट्यात."

"काड्यांचं राहू दे. इथे वाडगा दोन्ही हातांनी उचलून थेट तोंडाला लावतात."

"चारचौघांत?"

"दार उघडलंय, बघ."

"अगं बाई! तो कोटवाला केवढा भुरका मारतोय!"

"आणि कुणी बघतंय त्याच्याकडे?"

"कुणीच नाही. तुझे बाबा इथे अगदी शोभले असते."

"मग, जायचं घरी?"

"सरक पुढे. रांग हलली."